दाढेच्या दुखण्यातून जगाला भूल देणारे होरेस वेल्स

दाढ ठणकायला लागली की आपल्याकडे पहिला उपाय लवंगेचा. मग मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मग मेडिकलमधून आणलेली दुखण्यावरची गोळी. दोन दिवस बरं वाटतं आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. पुढच्या वेळी ठणका उठतो तेव्हा गाल सुजलेला असतो, तोंड उघडत नाही, रात्रभर झोप नाही. शेवटी घरातलं कोणीतरी गाडीवर बसवून मालवणात, कुडाळला नाहीतर कणकवलीला दातांच्या डॉक्टरकडे नेतं.

एवढा उशीर का केला, असं विचारलं तर कारणं बरीच निघतात. भातकापणी होती, गणपती होते, मासेमारीचा हंगाम होता. कोणी सांगतं की वरची दाढ काढली तर डोळा अधू होतो. या समजुतीला काहीही आधार नाही, पण गावोगाव ती अजून टिकून आहे. सगळी कारणं बाजूला केली की खाली एकच गोष्ट उरते, ती म्हणजे भीती. सुईची, त्या खुर्चीची, मशीनच्या आवाजाची. वादळात समुद्रात होडी घालणारी माणसंही दाताच्या डॉक्टरच्या दारातून मागे फिरतात, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

रुग्णाच्या या भीतीवर इलाज शोधणारा एक माणूस सुमारे १८० वर्षांपूर्वी अमेरिकेत होऊन गेला. तो स्वतः दातांचा डॉक्टर होता. त्याने शोधलेला मार्ग आजही जगभरच्या दवाखान्यांत वापरला जातो. त्याच्या स्वतःच्या वाट्याला मात्र हयातीत हसं आलं आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तुरुंगात मरण आलं. होरेस वेल्स हे त्यांचं नाव. दरवर्षी १६ ऑक्टोबरला जागतिक भूल दिन साजरा होतो, तेव्हा त्यांच्या शिष्याची आठवण आधी निघते. म्हणून वेल्स यांची गोष्ट मुद्दाम सांगायला हवी.

उमेदवारी करून झालेले डॉक्टर

वेल्स यांचा जन्म २१ जानेवारी १८१५ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या हार्टफोर्ड गावचा. घरची परिस्थिती चांगली होती. मुलाने दातांचं काम शिकायचं ठरवलं तेव्हा ते शिकवणारं कॉलेज जगात कुठेच नव्हतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात असं पहिलं कॉलेज निघालं ते १८४० साली. त्याआधी होडी बांधायचं काम जसं जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून शिकतात, तसंच दात काढायचं आणि बसवायचं कामही शिकलं जाई. वेल्स एकोणीस वर्षांचे असताना बोस्टनला गेले, दोन वर्षं उमेदवारी केली आणि १८३६ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफोर्ड शहरात त्यांनी दवाखाना उघडला. जन्मगावाचं आणि कर्मभूमीचं नाव एकच असलं तरी ही दोन ठिकाणं वेगळी.

हाताला कसब होतं आणि डोकं सतत काहीतरी नवं शोधणारं होतं. लागणारी बरीचशी हत्यारं ते स्वतःच घडवत. १८३८ मध्ये दातांच्या निगेवर त्यांनी एक छोटं पुस्तक काढलं. त्याच वर्षी एलिझाबेथ वेल्स यांच्याशी त्यांचं लग्न झालं (सासर आणि माहेरच्या आडनावांचा उच्चार जवळपास सारखा, हा योगायोग), आणि पुढच्या वर्षी चार्ल्स हा मुलगा झाला. हार्टफोर्डमधली बडी माणसं त्यांच्याकडे येऊ लागली. हाताखाली शिकायला तरुण येऊ लागले. त्यातली दोन नावं पुढे या गोष्टीत येणार आहेत. एक जॉन रिग्ज आणि दुसरे विल्यम मॉर्टन.

धंदा चांगला चालला होता, पण एक गोष्ट वेल्स यांना खात होती. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या वेदनेवर काहीच इलाज नव्हता. दाढ काढायची म्हणजे दोघांनी धरून ठेवायचं आणि डॉक्टरने जमेल तितक्या लवकर उपटून काढायची. फार तर थोडी दारू पाजायची किंवा अफू द्यायची. पुढे १८४३ मध्ये वेल्स आणि मॉर्टन यांनी बोस्टनमध्ये भागीदारीत काम सुरू केलं. वेल्स यांनी कवळीसाठी न काळवंडणारा सोन्याचा सांधा तयार केला होता. पण ती कवळी नीट बसवायची तर तोंडातली जुनी मुळं सगळी काढून टाकावी लागत. कवळी चांगली आहे हे लोकांना पटत होतं, पण मुळं काढायला कोणी तयार होत नव्हतं. भागीदारी वर्षभरात मोडली.

१० डिसेंबरची रात्र

साल १८४४. त्या वर्षी आपल्याकडे सावंतवाडी संस्थानात आणि कोल्हापूरकडे गडकऱ्यांच्या बंडाने पेट घेतला होता, मनोहर-मनसंतोष गडांवर लढाईची तयारी चालू होती. तिकडे हार्टफोर्डमध्ये १० डिसेंबरच्या रात्री एक खेळ लागला होता. आपल्याकडे याच दिवसांत जत्रांना सुरुवात होते आणि दशावतार रंगतात. तसाच तोही रात्रीचा, तिकीट लावून केलेला खेळ होता. खेळ करणाऱ्याचं नाव गार्डनर कोल्टन. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून हा माणूस गावोगाव लाफिंग गॅसचे प्रयोग करत फिरत असे.

लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड. रंग नाही, वास किंचित गोडसर. जोसेफ प्रिस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १७७२ मध्ये तयार केला. हंफ्री डेव्ही यांनी तो स्वतः ओढून पाहिला आणि १८०० साली आपल्या पुस्तकात असंही लिहून ठेवलं की शस्त्रक्रियेच्या वेळी दुखणं कमी करायला तो उपयोगी पडू शकेल. पण पुढची ४४ वर्षं हा वायू करमणुकीपुरताच राहिला. लोक तो ओढत, हसत सुटत, नाचत, कधी भांडत. कोल्टनच्या जाहिरातीत तर लिहिलेलं होतं की पुढच्या रांगेत आठ धट्टीकट्टी माणसं बसवली जातील, म्हणजे वायू ओढलेला कोणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही.

वेल्स पत्नीला घेऊन हा खेळ बघायला गेले होते. सॅम्युअल कूली नावाचा औषधाच्या दुकानात काम करणारा तरुण मंचावर चढला, वायू ओढला आणि उड्या मारता मारता बाकांवर आदळला. खाली येऊन बसला तेव्हा त्याच्या पायातून रक्त येत होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. शेकडो लोकांनी हे पाहिलं आणि ते हसले. वेल्स यांनी त्याला जवळ बोलावून विचारलं. दुखलं का, याचं उत्तर नाही असं मिळालं. वायूचा अंमल उतरल्यावरच त्याला जखम कळली होती.

दात काढणाऱ्या माणसाला यातलं मर्म लगेच कळलं. ज्याला जखम झालेली कळत नाही, त्याला दाढ काढलेलीही कळणार नाही. त्याच रात्री वेल्स यांनी कोल्टनला गाठलं आणि दुसऱ्या दिवशी वायूची पिशवी घेऊन दवाखान्यात यायला सांगितलं.

पहिला रुग्ण स्वतःच

११ डिसेंबर १८४४ ची सकाळ. खुर्चीत वेल्स स्वतः बसले. त्यांची एक अक्कलदाढ त्रास देत होती. कोल्टनने पिशवी धरली, वेल्स यांनी वायू ओढला, त्यांची मान मागे कलंडली आणि जॉन रिग्ज यांनी दाढ उपटून काढली. किती वायू ओढायचा, माणूस परत शुद्धीवर येईल की नाही, यातलं काहीच कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणूनच वेल्स यांनी हा धोका रुग्णावर न टाकता स्वतः पत्करला.

काही क्षणांत ते शुद्धीवर आले. टाचणी टोचावी एवढंही दुखलं नसल्याचं त्यांनी सांगितलं आणि दात काढण्याच्या कामात नवं युग आल्याचं जाहीर केलं. तेव्हा त्यांचं वय एकोणतीस होतं.

पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी कोल्टनकडून वायू बनवायची रीत शिकून घेतली आणि दहा-पंधरा रुग्णांवर तो वापरला. बहुतेकांना दुखलं नाही. शोध आपल्या नावावर करून पैसा मिळवायचा रस्ता त्यांना मोकळा होता. पण हवा जशी सगळ्यांची, तसा हा उपायही सगळ्यांना मिळावा असं त्यांचं मत होतं. त्यांनी पेटंट घेतलं नाही.

बोस्टनमधली फजिती

जानेवारी १८४५ मध्ये वेल्स बोस्टनला गेले. तिथले नामवंत सर्जन जॉन कॉलिन्स वॉरन यांच्या परवानगीने वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर प्रयोग करायचं ठरलं. एका माणसाची दाढ काढायची होती. वेल्स यांनी त्याला वायू दिला आणि पिशवी बाजूला केली. दाढ ओढताच तो माणूस ओरडला.

खोलीभर हशा पिकला. विद्यार्थ्यांनी शिट्ट्या मारल्या, हा सगळा लबाडीचा खेळ आहे अशी हेटाळणी झाली. त्या माणसाने नंतर सांगितलं की आपल्याला नेहमीइतकं दुखलं नव्हतं. पण तोवर ऐकून घ्यायला कोणी उरलं नव्हतं.

चूक कुठे झाली? पिशवी लवकर काढली गेली, हे वेल्स यांनी स्वतःच पुढे मान्य केलं. नायट्रस ऑक्साइड फुप्फुसातून रक्तात चटकन जातो आणि तितक्याच चटकन बाहेर पडतो. त्यामुळे नाकातोंडाशी वायू चालू असेपर्यंतच त्याचा अंमल राहतो. वेल्स यांच्या पिशवीत नुसता वायूच होता, त्यात प्राणवायू मिसळलेला नव्हता. जास्त वेळ द्यावा तर माणूस निळा पडायचा, कमी वेळ द्यावा तर तो जागा व्हायचा. मधली जागा फार थोडी होती, आणि ती सापडायला जितके रुग्ण बघावे लागतात तितके वेल्स यांनी अजून बघितले नव्हते. शोध खरा होता, पण प्रयोग घाईचा झाला.

ही फजिती वेल्स यांच्या जिव्हारी लागली. त्यांची तब्येत बिघडली आणि त्याच वर्षी त्यांनी दवाखान्याचं काम थांबवलं. मध्येच पुन्हा सुरू करायचे, पुन्हा सोडायचे. कधी कॅनरी पक्षी विकले, कधी अंघोळीच्या शॉवरचा धंदा केला. ज्याने दुखणं थांबवायचा उपाय काढला, तो पोटासाठी असे एकेक उद्योग करत राहिला.

शिष्याचं नाव झालं

विल्यम मॉर्टन मात्र थांबले नव्हते. बोस्टनचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स जॅक्सन यांच्याकडून त्यांनी ईथरची माहिती घेतली. ईथरचा अंमल जास्त वेळ टिकतो. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये, मॉर्टन यांनी एका रुग्णाला ईथर दिलं आणि त्याच डॉ. वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. रुग्ण ओरडला नाही. बातमी जहाजांनी जगभर गेली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८४७ मध्ये, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ईथरचा वापर झाला. जागतिक भूल दिन १६ ऑक्टोबरला असतो तो यामुळेच.

मॉर्टन यांनी ईथरला रंग आणि वास घालून वेगळं नाव दिलं आणि पेटंट घेतलं. मग श्रेयाचं भांडण लागलं. मॉर्टन म्हणत शोध माझा, जॅक्सन म्हणत कल्पना माझी, वेल्स म्हणत सुरुवात मी केली. जॉर्जिया राज्यातले क्रॉफर्ड लाँग हे डॉक्टर तर १८४२ पासूनच ईथर वापरत होते, फक्त त्यांनी ते कुठे छापलं नव्हतं. या भांडणाने कोणाचंच भलं झालं नाही. मॉर्टन यांची उरलेली वर्षं कोर्टकचेऱ्या आणि सरकारदरबारी अर्ज करण्यात गेली. जॅक्सन यांचा शेवट मनोरुग्णालयात झाला.

वेल्स यांनी वर्तमानपत्रांत पत्रं लिहिली. १८४७ च्या सुरुवातीला ते पॅरिसला होते. पुढे विकायला चित्रं घ्यायची, हा एक हेतू. पण तिथल्या वैद्यकीय मंडळींपुढे आपलं म्हणणंही त्यांनी मांडलं. तिथे त्यांना ऐकून घेणारे लोक भेटले. उत्तर यायला मात्र वेळ लागणार होता.

क्लोरोफॉर्मचा आठवडा

नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोचे डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. जानेवारी १८४८ मध्ये वेल्स न्यूयॉर्कला आले. पत्नी आणि मुलगा हार्टफोर्डलाच होते. नवं औषध कसं आहे हे बघायला त्यांनी पुन्हा आपली जुनी रीत वापरली आणि ते स्वतःवर घेऊन पाहिलं. पण या वेळी पिशवी धरायला कोल्टन नव्हता, शेजारी रिग्ज नव्हते. खोलीत ते एकटे होते आणि सुमारे आठवडाभर ते क्लोरोफॉर्म हुंगत राहिले.

क्लोरोफॉर्मची चटक लागते आणि डोकं ताब्यात राहत नाही, हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हतं. २१ जानेवारीला, म्हणजे तेहतिसाव्या वाढदिवशी, अंमलाखाली असताना वेल्स रस्त्यावर धावत गेले आणि त्यांनी दोन बायकांच्या अंगावर ॲसिड फेकलं. पोलिसांनी त्यांना पकडून टूम्ब्स नावाच्या तुरुंगात ठेवलं. शुद्धीवर आल्यावर आपण काय केलं हे त्यांना कळलं. ज्याने दुसऱ्याचं दुखणं कमी करण्यासाठी आयुष्य घालवलं, त्याच्याच हातून दुसऱ्याला इजा झाली होती. हे त्यांना सोसलं नाही. २४ जानेवारी १८४८ रोजी त्यांनी कोठडीत स्वतःचं आयुष्य संपवलं.

त्या दोन बायकांची बाजू या गोष्टीत सहसा कोणी सांगत नाही. त्या गरीब होत्या, रस्त्यावरच्या होत्या, आणि त्यांचा काहीही दोष नव्हता. वेल्स यांच्याबद्दल हळहळताना ही गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही.

मान आला, माणूस गेला

पॅरिसच्या वैद्यकीय मंडळाने वायूच्या साहाय्याने विनावेदना शस्त्रक्रिया करण्याचा पहिला मान वेल्स यांना देऊन टाकला होता. हा ठराव त्यांच्या मृत्यूच्या काही दिवस आधीचा. बातमी समुद्रमार्गे हार्टफोर्डला पोचली तेव्हा ते हयात नव्हते.

नायट्रस ऑक्साइडही पंधरा वर्षं अडगळीत पडला. त्याला परत आणलं ते कोल्टननेच. १८६३ पासून त्याने दंतवैद्यांना हाताशी धरून हा वायू देऊन दात काढायला सुरुवात केली, मग न्यूयॉर्कमध्ये खास दवाखाना काढला आणि हजारो लोकांचे दात विनावेदना काढले गेले. बोस्टनमध्ये ज्याची लबाडी म्हणून टर उडाली, तोच उपाय रोजच्या वापरात आला. १८६८ मध्ये शिकागोचे सर्जन एडमंड अँड्र्यूज यांनी वायूत प्राणवायू मिसळायची पद्धत मांडली आणि वेल्स ज्या अडचणीत सापडले होते ती सुटायची वाट मिळाली.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने १८६४ मध्ये आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८७० मध्ये वेल्स यांचं श्रेय मान्य केलं. हार्टफोर्डच्या बुशनेल पार्कमध्ये त्यांचा पुतळा उभा आहे, पॅरिसमध्येही १९१० मध्ये त्यांचं स्मारक झालं. जॉन रिग्ज हेसुद्धा हिरड्यांच्या आजारावरच्या कामासाठी पुढे प्रसिद्ध झाले.

आज खुर्चीत बसताना

आता आपल्या दवाखान्यांकडे येऊ. दात बधीर करायचं इंजेक्शन आज कुठल्याही दंतवैद्याकडे मिळतं. त्याने दुखणं थांबतं, पण भीती जात नाही. इंजेक्शन घेण्याआधीच ज्याचे हातपाय गार पडतात, छाती धडधडते, ओकारी येते, त्याच्यासाठी वेल्स यांचा वायू अजून उपयोगी आहे. याला सिडेशन म्हणतात, साध्या भाषेत गुंगी देऊन मन शांत करणं. यात माणूस पूर्ण बेशुद्ध होत नाही. तो जागा असतो, डॉक्टर सांगतील तसं तोंड उघडतो, विचारलं तर उत्तर देतो. फक्त घाबरत नाही. बधीर करायचं इंजेक्शन तरीही द्यावंच लागतं.

नाकावर छोटा मास्क बसवतात. सुरुवातीला नुसता प्राणवायू, मग हळूहळू नायट्रस ऑक्साइड वाढवत नेतात. आजच्या मशीनमधून प्राणवायू ३० टक्क्यांच्या खाली जाऊ शकत नाही, तशी व्यवस्थाच केलेली असते. काम संपलं की पुन्हा पाच मिनिटं नुसता प्राणवायू देतात आणि अंमल उतरतो. बोस्टनमध्ये जी वेळ साधली नाही, ती आता मशीन आणि अनुभव मिळून साधतात. हट्टी नव्हे तर घाबरलेल्या लहान मुलांसाठी हा उपाय विशेष चांगला, कारण एकदा जबरदस्तीने धरून दात काढलेलं मूल मोठेपणीही दवाखान्यात येत नाही.

याशिवाय तोंडाने घ्यायची गोळी किंवा औषध, शिरेतून द्यायचं औषध, आणि अवघड कामासाठी हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल, असे वरचे टप्पे असतात. शिरेतून औषध द्यायचं किंवा पूर्ण भूल द्यायची तर भूलतज्ज्ञ हजर असावा लागतो. सगळ्याच दवाखान्यांत ही सगळी सोय असते असं नाही. म्हणून आधी फोन करून विचारावं आणि जिथे सोय आहे तिथे पाठवायला सांगावं.

वेल्स यांच्या आयुष्यातून दवाखान्यासाठीचा सर्वांत मोठा धडा निघतो तो हा की गुंगीच्या औषधाजवळ जागं माणूस पाहिजे. गुंगी देण्याआधी रुग्णाने किंवा घरच्यांनी बेधडक विचारावं: काम चालू असताना माझ्यावर लक्ष कोण ठेवणार? बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र आहे का? ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

आपल्या बाजूनेही काही लपवू नये. रक्तदाब, शुगर, दमा, हृदयविकार, रक्त पातळ करायच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, दारू, तंबाखू, रात्रीचं जोरदार घोरणं, सगळं सांगावं. नाक चोंदलेलं असेल तर वायू नीट आत जात नाही, त्यामुळे दिवस पुढे ढकलावा लागतो. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, फुप्फुसाचा गंभीर आजार, बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता, नुकतंच झालेलं डोळ्याचं किंवा कानाचं ऑपरेशन, यातलं काही असेल तर वायू घेण्याआधी डॉक्टरला सांगणं गरजेचंच.

नुसत्या वायूचा अंमल लगेच उतरतो. पण गोळी किंवा शिरेतलं औषध घेतलं असेल तर बरोबर माणूस असलाच पाहिजे. त्या दिवशी बाईक चालवायची नाही, होडीवर जायचं नाही, एकट्याने एसटीने गावी परतायचं नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. उपाशी किती तास राहायचं हे डॉक्टर सांगतात. शिरेतून औषध किंवा पूर्ण भूल घ्यायची असेल तर साधारणपणे जेवण सहा तास आधी आणि पाणी दोन तास आधी बंद करावं लागतं. मुलाला रडतंय म्हणून गाडीत गुपचूप बिस्कीट देऊ नये. गुंगीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतू शकतं.

आणि एक. गालाची सूज गळ्याखाली उतरली, गिळता येत नाही, श्वास घ्यायला त्रास होतो, ताप आहे, असं झालं तर ते दाढेचं साधं दुखणं राहिलेलं नसतं. त्याच रात्री हॉस्पिटल गाठायला हवं. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू-सुपारी खाणाऱ्या माणसाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर तेही दाखवायला हवं. कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते. भीतीपोटी घालवलेले महिने पुढे महागात पडतात.

भीती वाटत असेल तर तसं डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगावं. डावा हात वर केला की थांबायचं, असं आधीच ठरवून घ्यावं. सकाळची वेळ मागावी, म्हणजे दिवसभर धाकधूक नको. पहिल्या दिवशी नुसती तपासणी करून घरी आलं तरी चालतं. हार्टफोर्डच्या त्या डॉक्टरने आपल्या रुग्णांच्या किंकाळ्या ऐकून स्वतःची दाढ काढायला दिली होती. भीती वाटते हे उघड सांगण्याची सोय आज आपल्याला आहे, त्यामागे त्यांचाही वाटा आहे.